आत्ताच फोन करा

दमयंती मढवींचं दुकान ऐरोलीत, सेक्टर आठला.
एका अंगाला चष्मेवाला, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी.
कानाची यंत्रं विकायला गिरणीशेजारचा गाळा
कुणी घेतं का, निखिलेश म्हणाला गाडीत बसताना.
मी वहीत लिहिलं: गिरणी.
आणि विसरले.

महाप्याला ऑफिसात पान एकच, वाढपी तिघं.

ऑस्टिनने पान पांढरं ठेवलं.
मधोमध एक शिंपला, त्याची भुरकट सावली,
बस.
माझ्या मजकुराच्या जागी
‘इथे मजकूर येईल इथे मजकूर येईल’
असं अकरा ओळी भरून ठेवलेलं,
आणि खरं सांगते, ते छान दिसत होतं.

निखिलेशने शिंपल्याच्या छातीवर नारिंगी बटण ठोकलं:
आत्ताच फोन करा.
खाली धावती पट्टी, निम्म्या किमतीत, फक्त रविवारपर्यंत.
कुठला रविवार, मी विचारलं.
कुठलाही, तो म्हणाला.

मीही काही साधी नव्हते.
माझे सातशे शब्द,
त्यात ‘श्रवणतंत्रिका’ चार वेळा,
एकदा तर विनाकारण.

आठ दिवस.
अक्षर वाढवलं की बटण घसरायचं,
बटण वाढवलं की शिंपला कडेला जाऊन बसायचा
रुसलेल्या पाहुण्यासारखा.
ऑस्टिनच्या ओळी इंग्रजीच्या मापाने शिवलेल्या,
त्यात आमच्या वेलांट्यांची टाळकी उडायची,
‘आनंदाने ऐका’चा अनुस्वार
रोज वरच्या ओळीखाली चिरडून मरायचा.
मी रोज सांगायची, टिंब गेलं.
तो म्हणायचा, कुठे?

गुरुवारी लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो.
खुर्चीत दिवागावचे तांडेल बसलेले,
अर्धं आयुष्य बोटीच्या इंजिनापाशी गेलेला माणूस.
बाईंनी पडदा त्यांच्याकडेच फिरवला.
त्यांनी सगळं वाचलं, सगळं,
श्रवणतंत्रिकाही, ओठ हलवत.
मग बटणावर बोट ठेवून
खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,
“फोन? फोनवरच त आयकू येत नाय,
म्हनून त आयलो इकरं!”

शेजारी गहू पडत होता.
निखिलेश आपल्या बुटाकडे बघत राहिला,
बुटावर थोडं पीठ.

बाईंनी त्यांच्या कानात यंत्र बसवलं,
खुर्ची ओढून समोर आल्या, तोंड दिसेल अशा,
आणि गिरणी ऐन भरात असताना
हळूच विचारलं, “नातीचं नाव काय?”
“सुरभी,” ते म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.

काचेच्या बंद खोलीत सगळ्यांनाच ऐकू येतं,
बाई आम्हाला म्हणाल्या,
घरी कुठे असते काचेची खोली?
म्हणून तर हा गाळा घेतला.

परतताना घणसोलीपर्यंत कुणी बोललं नाही.

शिंपला गेला. ऑस्टिनला अजून दुखतं.
पांढरं मात्र राहिलं, आता ते पिठाचं आहे,
आणि दोन ओळींत त्याने इतकी जागा सोडली
की अनुस्वार पाय पसरून बसावा.
माझे सातशेचे तीन शब्द झाले:
‘गिरणीशेजारी. सावकाश या.’
बाकीचे एका फोल्डरात आहेत, कधीकधी उघडून बघते.
बटण नारिंगीच. त्यावर आता फोन नाही, रस्ता आहे.
धावती पट्टी अजून धावते,
तेवढं भांडण मी हरले.

काल गिरणीवाल्याचा फोन आला.
आमच्याकडे बाजरीही दळून मिळते,
तेही टाका की पानावर.
ऑस्टिन म्हणतो, जागा नाही.
निखिलेश म्हणतो, पैसे घेऊ.
मी वाक्य लिहायला बसलेय.